खाऱ्या खाचरातील राता : भाताच्या वाणांतील वैविध्य आणि त्याचा अभ्यास

साष्टी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मढ हे गाव वसलेले आहे. त्याच्या एका अंगास अरबी समुद्र, तर दुसऱ्या अंगास मालाडची खाडी आहे. मढ, एरंगळ, आक्सा आणि खाडीपलीकडील मनोरी व गोराई हा सर्व पट्टा मासेमारीकरिता प्रसिद्ध आहे. तथापि भात हे साष्टीतील पूर्वापार मुख्य पीक होय. आज मुंबई उपनगर जिल्ह्यात भाताखालील जमीन फारच थोडी उरली आहे. जेथे खाचरे होती तेथे इमारती व रस्ते झाले. काही जमिनीत खाडीचे पाणी शिरून तिवरांचे रान माजले. जमीन गेली हे सर्वांना दिसते. परंतु त्या जमिनीबरोबर तेथील भाताचे बीही गेले, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

बी गेले तर दुकानातून दुसरे आणता येईल, असे कोणी म्हणेल. सामान्य जमिनीपुरते ते खरेही आहे. परंतु खारवट जमिनीत, समुद्राच्या उधाणाच्या शेजारी, पिढ्यान्‌पिढ्या तग धरून राहिलेल्या वाणाच्या अंगी जे गुण असतात, ते मागणी केल्याबरोबर तयार करून मिळत नाहीत. असे गुण कोठे आहेत हे शोधणे, ते मोजणे व नव्या वाणात आणणे हे भात-संशोधनाचे एक मोठे काम आहे. या कामाचा पाया म्हणजे वाणांतील आनुवंशिक वैविध्य. ते कसे अभ्यासिले जाते, कोकणातील शेतीस त्याचा काय लाभ झाला आणि त्यात शेतकऱ्याने व गावपातळीवरील कार्यकर्त्याने कोणता वाटा उचलावा, याचा विचार या लेखात केला आहे.

वैविध्य म्हणजे काय

भाताच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. या गुणसूत्रांवर हजारो जनुके ओळीने असतात. रोप उंच वाढावे की ठेंगणे राहावे, दाणा लांबट असावा की आखूड, तांदूळ पांढरा की तांबडा, पीक हळवे की गरवे, करप्यास बळी पडणारे की त्यास तोंड देणारे, हे सर्व या जनुकांवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. एकाच जनुकाची निरनिराळी रूपे निरनिराळ्या वाणांत आढळतात. या रूपांच्या भिन्नतेलाच आनुवंशिक वैविध्य असे म्हणतात.

भात हे स्वपरागित पीक आहे. एका फुलात ६ पुंकेसर असतात आणि त्याच फुलातील पराग त्याच फुलातील स्त्रीकेसरावर पडून दाणा भरतो. परक्या परागाने फळणारे दाणे सामान्यतः शेकडा एकाहून कमी असतात. म्हणून एकदा स्थिर झालेला वाण वर्षानुवर्षे फारसा न बदलता चालतो. परंतु हजारो वर्षांच्या लागवडीत थोडा थोडा संकर होत गेला, जनुकांत आपोआप बदल घडले, आणि शेतकऱ्याने आपल्या जमिनीस व आपल्या चवीस साजेल अशी निवड केली. डोंगरउतारावरील वरकस जमीन, पाणथळ खोलगट खाचर, गोडी जमीन आणि खारी जमीन अशा प्रत्येक ठिकाणी निराळे वाण रूढ झाले. कोकणातील हळवे, निमगरवे व गरवे हे वर्गीकरण शेतकऱ्यांनी जमीन आणि पाऊस यांची सांगड घालून केलेले आहे.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. जुन्या गावठी वाणाच्या शेतात सर्व रोपे हुबेहूब सारखी नसतात. त्यात अनेक वंश मिसळलेले असतात. काही चार दिवस आधी निसवतात, काहींना कुसळे असतात, काहींचे तूस गडद असते. या मिश्रणातून एकेक रोप निवडून त्याचे बी स्वतंत्र वाढविले म्हणजे शुद्ध वंश मिळतो. रायगड जिल्ह्यातील कर्जत येथे १९१९ मध्ये भात संशोधन केंद्र सुरू झाले, तेव्हा आरंभीचे काम मुख्यत्वे याच पद्धतीने झाले. कोळंबा व झिनिया या लोकप्रिय गावठी वाणांतून निवड करून काढलेले क्रमांकित वाण पुढे अनेक वर्षे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत लागवडीस होते. याच भागातील वाडा कोलम, ज्यास लोक झिनी असेही म्हणतात, त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. यावरून गावठी वाणाचे मोल आजही कमी झालेले नाही, हे दिसून येते.

खारी जमीन आणि राता

जुन्या ठाणे जिल्ह्यात, ज्यात साष्टीचाही समावेश होता, भातजमिनीचे गोडी आणि खारी असे दोन प्रकार मानीत. खाऱ्या जमिनी म्हणजे खाडीलगत बांध घालून समुद्रापासून सोडविलेल्या जमिनी. बाहेरकाठ्याचा बांध भरतीचे पाणी अडवितो आणि उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर जाते. अशा जमिनीत तांबड्या तांदळाचे भात घेण्याची वहिवाट होती. या तांबड्या भातास कोकणात राता म्हणतात. ज्याचे तूस काळसर तो काळा राता आणि ज्याचे तूस भुरकट तो भुरा राता.

खाऱ्या जमिनीत भात का मरते, हे समजून घेतले म्हणजे रात्याचे महत्त्व कळेल. मातीतील क्षार तिच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात. ही वाहकता मीटरमागे ४ डेसिसायमनहून अधिक असेल, तर ती जमीन क्षारयुक्त समजतात. भात मात्र ३ डेसिसायमनपासूनच त्रास भोगू लागते. त्यापुढे दर एका डेसिसायमनला उत्पन्न शेकडा सुमारे १२ ने घटते, असे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. म्हणजे वाहकता ६ डेसिसायमन असेल, तर सामान्य वाणाचे एक-तृतीयांशाहून अधिक उत्पन्न बुडते.

उन्हाळ्यात जमिनीखालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि क्षार पृष्ठभागावर साचतात. जून-जुलैच्या पावसाने ते धुपून खाली व बाहेर जातात. भरपावसात जमीन बरीच गोडी होते. पुढे सप्टेंबरअखेर पाऊस ओसरू लागला की क्षार पुन्हा डोके वर काढतात. आता भाताच्या आयुष्यक्रमाकडे पाहावे. क्षारांचा सर्वाधिक घात दोन अवस्थांत होतो : रोप कोवळे असताना आणि पीक फुलोऱ्यात असताना. पहिली अवस्था पावसाच्या आरंभी येते व दुसरी, पीक गरवे असल्यास, पावसाच्या शेवटी येते. दोन्ही वेळा जमीन खारट असते. म्हणून खाऱ्या खाचरात जो वाण टिकतो, त्याने या दोन्ही परीक्षा दिलेल्या असतात. कोकणातील शेतकऱ्याने मोड आलेले बी चिखलात फेकून पेरण्याची रहू पद्धतही अशा जमिनीत वापरली. वाण आणि पद्धत या दोहोंचा मिळून एक अनुभव तयार झाला.

रोपाच्या शरीरात काय घडते, याचाही आता उलगडा झालेला आहे. मिठातील सोडियम मुळांवाटे रसात शिरून पानांपर्यंत पोचले, म्हणजे पाने टोकाकडून पांढरी पडून वाळतात. क्षार सोसणारे वाण हे सोडियम वाटेतच अडवितात. बंगालकडील नोना बोक्रा या वाणात असे काम करणारे एक जनुक २००५ मध्ये ओळखण्यात आले. ते रसातील सोडियम मागे खेचून घेते व पानांपर्यंत जाऊ देत नाही. केरळातील पोक्काली या खाजणातील वाणात पहिल्या गुणसूत्रावर ‘साल्टोल’ नावाचा भाग सापडला असून, तो अन्य सुधारित वाणांत घालण्याचे काम भारतात व बाहेरही झाले आहे. पोक्काली व नोना बोक्रा यांच्याबरोबरच काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० ही आपल्या महाराष्ट्रातील दोन नावेही जगातील भात-संशोधकांच्या क्षारसहिष्णू वाणांच्या यादीत आहेत. हे दोन वंश गावठी रात्यातून निवडलेले आहेत.

राता कामास कसा आला

राता खार सोसतो, परंतु त्याचे दोषही आहेत. तो उंच वाढतो, खत दिल्यास लोळतो आणि उत्पन्न बेताचे देतो. उलटपक्षी १९६६ मध्ये फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसृत केलेला आय. आर. ८ हा वाण ठेंगणा, ताठ व खतास प्रतिसाद देणारा होता. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्रात आय. आर. ८ आणि भुरा राता ४-१० यांचा संकर करण्यात आला आणि त्यातून पनवेल-१ व पनवेल-२ हे वाण निघाले. पनवेल-१ मध्ये आय. आर. ८ ही मादी व पनवेल-२ मध्ये भुरा राता ही मादी धरली होती. कोकणातील खार जमिनीसाठी या वाणांची शिफारस झाली. हे केंद्र आज दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कक्षेत आहे. विद्यापीठाची स्थापना १९७२ मध्ये झाली.

संकर करणे म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. मादी म्हणून धरलेल्या रोपाच्या लोंबीतील फुले उमलण्यापूर्वी, प्रत्येक फुलातील सहाही पुंकेसर चिमट्याने काढून टाकतात. लोंबीवर कागदी पिशवी चढवितात. दुसऱ्या दिवशी सकाळी फुले उमलण्याच्या वेळी नर रोपाचा पराग त्यावर झाडतात. अशा रीतीने मिळालेल्या मोजक्या दाण्यांपासून पहिली पिढी वाढते. ती सर्व सारखीच दिसते. दुसऱ्या पिढीत मात्र आई-बापांचे गुण फुटून निरनिराळ्या मिश्रणांत प्रकट होतात.

येथे अंकगणित ध्यानात घेण्यासारखे आहे. आय. आर. ८ चा ठेंगणेपणा एका सुप्त जनुकामुळे येतो. म्हणून दुसऱ्या पिढीत दर ४ रोपांत सुमारे १ रोप ठेंगणे निघते. समजा ४,००० रोपे वाढविली, तर त्यांत सुमारे १,००० ठेंगणी मिळतील. खार सोसण्याचा गुण मात्र अनेक जनुकांवर अवलंबून असतो. उदाहरणादाखल चारच जनुके धरली आणि ती चारही रात्याकडून दुहेरी आलेली रोपे हवी असली, तर अशी रोपे २५६ मध्ये १ निघतील. म्हणजे त्या १,००० ठेंगण्या रोपांत सुमारे ४! शिवाय उत्पन्न, दाण्याची प्रत व रोगप्रतिकार हे गुण पाहावयाचे राहिलेच. म्हणूनच एक वाण सिद्ध करण्यास हजारो रोपे, अनेक हंगाम आणि मोठी चिकाटी लागते. आणि म्हणूनच आरंभी हाती येणारे आई-बाप नीट निवडणे अगत्याचे असते.

वैविध्याचा अभ्यास कसा करतात

आई-बाप निवडावयाचे तर संग्रहातील वाण एकमेकांपासून किती भिन्न आहेत, हे कळावे लागते. दोन्ही वाण जवळच्या नात्याचे असतील, तर त्यांच्या संततीत नवे मिश्रण थोडेच निघते. दूरच्या नात्याचे पण दोन्ही गुणी असतील, तर लाभाची शक्यता वाढते.

पहिली पायरी शेतातील नोंदीची असते. गोळा केलेले वाण एकाच शेतात, एकाच दिवशी, ओळीओळींनी लावतात. प्रत्येक वाण निरनिराळ्या जागी पुनःपुन्हा लावतात, म्हणजे जमिनीच्या फरकामुळे फसगत होत नाही. मग निसवण्यास लागलेले दिवस, रोपाची उंची, फुटव्यांची संख्या, लोंबीची लांबी, लोंबीतील भरलेले व पोचट दाणे, हजार दाण्यांचे वजन, तुसाचा रंग, कुसळ आहे की नाही, तांदळाचा रंग व सुवास यांची नोंद होते.

दुसरी पायरी गणिताची. अनेक गुण एकत्र धरून दोन वाणांतील अंतर काढण्यासाठी भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेली रीत मोठ्या प्रमाणावर वापरतात. महालनोबिस यांनी ती मानवसमूहांच्या शरीरमापांची तुलना करताना विकसित केली होती. पुढे ती पिकांच्या वाणांनाही उपयोगी पडली. या रीतीने वाणांचे गट पाडतात व निरनिराळ्या गटांतून आई-बाप निवडतात. मजेची गोष्ट अशी की, एकाच गावचे वाण पुष्कळदा निरनिराळ्या गटांत पडतात आणि दूरदूरचे वाण एका गटात येतात. म्हणून केवळ गाव पाहून वाणांचे नाते ठरविता येत नाही.

तिसरी पायरी प्रयोगशाळेतील. पानाच्या तुकड्यातून जनुकद्रव्य काढून त्यावरील ठराविक खुणा तपासतात. पाऊस, खत वा जमीन यांचा या खुणांवर परिणाम होत नाही, हा त्यांचा मोठा गुण. दोन गावी दोन नावांनी चालणारा वाण एकच आहे की काय, किंवा एकाच नावाखाली दोन वाण आहेत की काय, हे यावरून उमगते. भाताच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या आंतरराष्ट्रीय कार्यात भारताचाही वाटा होता. त्यानंतर सुमारे ३,००० वाणांचे वाचन होऊन २०१८ मध्ये त्याचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यात वाणावाणांतील सुमारे २ कोटी ९० लाख एकाक्षरी फरक नोंदले गेले.

परंतु यंत्र कितीही सूक्ष्म असले, तरी जे बी त्याच्यापर्यंत पोचलेच नाही त्याचे वाचन ते करू शकत नाही.

एका वाणाने जग वाचविले ते कसे

वैविध्य जपण्याचा खर्च निरर्थक आहे, असे वाटणाऱ्याने पुढील हकीकत ध्यानात ठेवावी. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियात तपकिरी तुडतुड्यांमुळे पसरणाऱ्या गवती खुजेपणाच्या विषाणू रोगाने नव्या ठेंगण्या भातपिकांचे मोठे नुकसान होऊ लागले. आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्या संग्रहातील ६,००० हून अधिक नमुने तपासले. त्यांत उत्तर प्रदेशातून गोळा केलेला रानभाताचा एकच नमुना या रोगास खंबीरपणे तोंड देणारा निघाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते तण. त्याचे दाणे पिकण्यापूर्वीच गळून पडतात. परंतु त्याचा तो एक गुण संकराने उचलून १९७६ मध्ये आय. आर. ३६ हा वाण तयार झाला आणि पुढे तो जगात कोट्यवधी एकरांवर पिकला. कोणी तरी त्या तणाचे बी वेळीच पाकिटात भरून ठेवले होते, म्हणून हे शक्य झाले.

पूरग्रस्त भागांचेही उदाहरण असेच आहे. ओडिशातील एक जुना वाण दोन आठवड्यांपर्यंत पाण्याखाली बुडूनही पुन्हा डोके वर काढतो. त्यातील जनुक ओळखून ते स्वर्णा या लोकप्रिय वाणात घालण्यात आले आणि बुडून टिकणारा स्वर्णा २००९ मध्ये भारतीय शेतकऱ्यांस मिळाला.

बियांसाठी माणसांनी प्राणही वेचले आहेत. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राड शहरास १९४१ ते १९४४ असा वेढा पडला असता, निकोलाय वाविलोव यांनी उभारलेल्या संस्थेतील बीजसंग्रहाचे रक्षण करताना अनेक कर्मचारी उपासमारीने मरण पावले. भाताच्या संग्रहाचे रखवालदार दिमित्री इव्हानोव यांचा अंत झाला तेव्हा त्यांच्याभोवती तांदळाच्या बियांची हजारो पाकिटे शाबूत होती. त्यांनी त्यांतील एक मूठही शिजवून खाल्ली नाही.

शेतकऱ्याची नजर

वाणसंशोधन केवळ प्रयोगक्षेत्रावरच होते, असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या शेतात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढून, त्यांचे बी वर्षानुवर्षे स्वतंत्र वाढवून एक बारीक दाण्याचा, चांगल्या उत्पन्नाचा वाण सिद्ध केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्यास एच. एम. टी. हे नाव मिळाले आणि तो विदर्भाबाहेरही दूरवर पसरला. खोब्रागडे २०१८ मध्ये निवर्तले. त्यांच्याजवळ मोठी शेती नव्हती आणि प्रयोगशाळाही नव्हती. निराळे दिसले ते निराळे ठेवावे, ही एक सवय मात्र होती. ही सवय प्रत्येक भातउत्पादकास लावून घेता येईल.

आपण काय करावे

समुद्राची पातळी १९०१ ते २०१८ या काळात जगात सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे. बांध फुटणे, उधाणाचे पाणी आत शिरणे आणि गोडी जमीन खारी होणे, हे प्रसंग मढपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यास यापुढे अधिक वारंवार येण्याचा संभव आहे. अशा वेळी खार सोसणाऱ्या वाणांची गरज घटणार नसून वाढणार आहे. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात.

१. आपल्या गावात जुना वाण कोणाकडे आहे, याची चौकशी करावी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विशेषेकरून विचारावे. बी राखणे, निवडणे व कणगीत ठेवणे हे काम बहुधा त्यांच्याच हाती असते. भाकरीस, पेजेस वा सणावारास कोणता तांदूळ लागतो, या प्रश्नावरून पुष्कळदा विसरलेला वाण सापडतो.

२. नमुना घेताना केवळ सर्वांत उत्तम लोंब्या निवडू नयेत. शेतात सर्वत्र फिरून निदान ५० रोपांवरून एकेक लोंबी घ्यावी. वाणाच्या अंगचे वैविध्य नमुन्यात येणे, हाच येथे हेतू आहे. पेरणीच्या बियाण्यासाठी मात्र भेसळ काढून टाकावी. या दोन कामांत गल्लत होऊ देऊ नये.

३. प्रत्येक नमुन्याबरोबर वाणाचे स्थानिक नाव, गाव, तालुका, जमीन गोडी की खारी, पेरणीची पद्धत, पेरणी, निसवण व कापणी यांच्या तारखा, आणि शेतकऱ्याच्या मते त्याचे गुण व दोष लिहावेत. नोंद नसलेले बी संशोधकास फारसे उपयोगी पडत नाही. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून एक पिशवीत व एक पिशवीवर ठेवावी.

४. बी सावलीत चांगले वाळवावे. दाण्यातील ओलावा शेकडा १२ ते १३ पर्यंत खाली आला म्हणजे ते हवाबंद डब्यात ठेवावे. ओले बी हवाबंद केल्यास ते खात्रीने बिघडते. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून किती उगवतात ते मोजावे.

५. खाऱ्या खाचरात जुना व सुधारलेला असे दोन वाण शेजारी शेजारी, सारख्याच मशागतीने लावून पाहावे. बी वेगळे राखावयाचे असल्यास दोन वाणांत निदान ३ मीटर अंतर सोडावे. पाने कोणत्या वाणाची प्रथम पांढरी पडतात, पाऊस थांबल्यावर पोचट दाणे कोणत्यात अधिक निघतात, याकडे लक्ष ठेवून टाचण करावे. लगतच्या गोड्या खाचरातही हीच जोडी लावता आली, तर तुलना अधिक विश्वसनीय होईल.

६. जमा केलेले नमुने कृषी विभागाच्या मार्फत कृषी विद्यापीठाच्या भात संशोधन केंद्राकडे द्यावेत. दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन केंद्राच्या बीजकोशात उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात बियाणे दीर्घकाळ राखून ठेवण्याची व्यवस्था आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२२ मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोश’ या प्रकल्पास मान्यता दिली असून पिकांचे स्थानिक वाण हा त्यातील एक विषय आहे.

हक्कांविषयीही दोन शब्द सांगणे जरूर आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्यास आपल्या पारंपरिक वाणाची नोंदणी शुल्क न भरता करता येते. आपले बी राखणे, पुन्हा पेरणे, शेजाऱ्यास देणे वा विकणे हा त्याचा हक्क कायद्याने मानला आहे. केवळ संरक्षित वाणाचे बी त्या नाममुद्रेखाली विकता येत नाही. नमुना घेणाऱ्या कार्यकर्त्याने ही माहिती शेतकऱ्यास आधी द्यावी, त्याची संमती घ्यावी आणि नोंदीत त्याचा उल्लेख राहील असे पाहावे. विश्वास असेल तरच लोक घरचे बी हातावर ठेवतील.

एक इशारा

वरील विवेचनावरून कोणी असा अर्थ काढू नये की, सुधारलेले वाण सोडून सर्वांनी पुन्हा जुन्या वाणाकडे वळावे. संसार चालवावयाचा तर उत्पन्न हवे, आणि ते आपल्या जमिनीस शिफारस केलेल्या सुधारलेल्या वाणापासूनच अधिक मिळते. मुख्य क्षेत्र त्या वाणाखाली ठेवावे. जुन्या वाणास बांधालगतचा एखादा गुंठा पुरतो. खार जमिनीत तर केवळ वाणावर विसंबून चालणार नाही. बाहेरकाठा मजबूत ठेवणे, उघाडीची झडप वेळेवर दुरुस्त करणे, पहिल्या पावसाचे पाणी खाचरात साठवून क्षार धुवून काढणे ही कामे प्रथम केली पाहिजेत. क्षारसहिष्णू वाणालाही सहनशक्तीची मर्यादा असतेच.

उलट, केवळ सुधारलेले वाण आहेत म्हणून जुने बी फेकून देणे, हेही तितकेच घातक होय. पनवेल-१ व पनवेल-२ हे सुधारलेले वाण झाले ते भुरा राता शिल्लक होता म्हणूनच. पुढील पन्नास वर्षांत जे वाण लागतील, त्यांचे आई-बाप आज कोणाच्या कणगीत आहेत, हे कोणासही आधी सांगता येत नाही. कदाचित ते एखाद्या प्रसिद्ध भातक्षेत्रात असतील, कदाचित मढ-मनोरीसारख्या, शहराने चहूकडून वेढलेल्या किनारपट्टीवरील शेवटच्या दोन-चार खाचरांत असतील. जेथे भाताचे क्षेत्र झपाट्याने घटत आहे, तेथे नमुने गोळा करण्यास प्रथम प्राधान्य द्यावे. कारण तेथे पुढील हंगामाची शाश्वती नसते.

यंदा कापणीच्या वेळी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या कार्यक्षेत्रातील निदान एका जुन्या वाणाचा नमुना, संपूर्ण नोंदीसह, गोळा करण्याचा संकल्प करावा. लोंब्या खळ्यावर येऊन झोडणी होण्यापूर्वीच शेतात जावे. एकदा बी राशीत मिसळले, म्हणजे ते निवडून काढता येत नाही.